सामूहिक व्यायाम : आरोग्याचे अर्थशास्त्र आणि पेठेतील तालीम

(बेंगळूरुमधील चिकपेट परिसरात स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

व्यायाम हा विषय सामान्यतः वैद्यांचा किंवा क्रीडाशिक्षकांचा मानला जातो. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने त्यावर बोलावे याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. परंतु, हिताचे आहे हे ठाऊक असूनही माणूस एखादी गोष्ट का करीत नाही, हा अर्थशास्त्राचा जुना प्रश्न आहे आणि व्यायाम हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण होय. चार माणसे एकत्र आली की हा प्रश्न बराचसा सुटतो. तो कसा सुटतो, ही माणसे एकत्र टिकतात कशी आणि त्यासाठी शासनाने काय करावे, या तीन मुद्द्यांचा आज विचार करू.

प्रश्नाचे स्वरूप

प्रथम आकडेवारी पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचे शारीरिक श्रम करावेत. ५ ते १७ वयोगटातील मुलांसाठी हे प्रमाण दररोज सरासरी ६० मिनिटे इतके आहे. या निकषावर २०२२ मध्ये जगातील सुमारे ३१ टक्के प्रौढ अपुरे सक्रिय असल्याचे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासात आढळले. याच अभ्यासानुसार भारतात हे प्रमाण २००० मध्ये सुमारे २२ टक्के होते. २०२२ मध्ये ते जवळपास ५० टक्क्यांवर पोचले. स्त्रियांमध्ये ते सुमारे ५७ टक्के, तर पुरुषांमध्ये सुमारे ४२ टक्के आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींहून अधिक असल्याचे दाखवून दिले.

या आकड्यांचा कुटुंबाच्या अर्थव्यवस्थेशी थेट संबंध आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चात रुग्णांनी स्वतःच्या खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांपर्यंत खाली आला. ही सुधारणा स्वागतार्ह असली तरी मधुमेह, रक्तदाब यांसारख्या आजारांचा खर्च एकदा करून संपत नाही, तो वर्षानुवर्षे चालतो. म्हणूनच असे आजार टाळणे किंवा लांबविणे ही सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने एक मोठी बचतच होय.

मग माणूस व्यायाम का करीत नाही? व्यायामाची किंमत आज मोजावी लागते आणि लाभ मात्र पुष्कळ काळाने मिळतो. पहाटेची झोप आज मोडते; निरोगी हृदय वीस वर्षांनी उपयोगी पडते. दूरच्या लाभापेक्षा जवळच्या सुखाला अवाजवी महत्त्व देण्याच्या या प्रवृत्तीला वर्तनवादी अर्थशास्त्रात 'वर्तमानाकडील झुकाव' म्हणतात. डेलाविन्या आणि मालमेंडियर या अर्थतज्ज्ञांनी २००६ मध्ये अमेरिकेतील तीन व्यायामशाळांच्या नोंदी तपासल्या. दरमहा ७० डॉलरहून अधिक वर्गणी भरणारे सभासद महिन्यातून सरासरी जेमतेम चार वेळा तेथे येत होते. त्यांना एका भेटीसाठी १७ डॉलरहून अधिक मोजावे लागत होते. दहा भेटींचा पास घेतला असता तर तीच भेट १० डॉलरमध्ये पडली असती. आपण नियमित जाऊ, हा स्वतःविषयीचा अंदाजच त्यांना महाग पडला. थोडक्यात, पैसे भरल्याने संकल्प टिकतोच असे नाही.

गट काय साधतो?

एकट्याचा संकल्प जेथे अपुरा पडतो तेथे सोबत उपयोगी पडते. या विषयावरील संशोधन शंभर वर्षांहून जुने आहे. इतरांच्या सोबतीने सायकलपटू एकट्यापेक्षा अधिक वेगाने जातात, हे निरीक्षण नॉर्मन ट्रिप्लेट यांनी १८९८ मध्ये मांडले. १९२६ च्या सुमारास ओटो क्योलर या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी बर्लिनमधील नौकानयन मंडळाच्या सभासदांवर प्रयोग केले. जोडीने वजन उचलताना एकाने हात टेकले की दोघांचा प्रयत्न संपतो, अशी स्थिती असताना जोडीतील दुबळा गडी एकट्याने केले असते त्यापेक्षा अधिक काळ तग धरतो, असे त्यांना आढळले. ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २००९ मध्ये वल्हेकऱ्यांचा अभ्यास केला. तेवढाच व्यायाम एकट्याने केल्यानंतर आणि संघाने एका लयीत केल्यानंतर त्यांची वेदना सहन करण्याची क्षमता मोजली, तेव्हा संघाने केलेल्या व्यायामानंतर ती लक्षणीय प्रमाणात वाढलेली दिसली. एका तालावर घातलेले सूर्यनमस्कार किंवा लेझीम थकवा विसरायला लावते, हा आपला अनुभव या निष्कर्षाशी जुळतो.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने याहून उद्बोधक प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना अभ्यासकक्षात व व्यायामशाळेत येण्यासाठी पैशाचे प्रोत्साहन देण्यात आले. काहींचे बक्षीस केवळ स्वतःच्या उपस्थितीवर, तर काहींचे गटातील सोबत्याच्याही उपस्थितीवर अवलंबून होते. निव्वळ हिशोबाने पाहता एकट्याला मिळणारे प्रोत्साहन अधिक लाभाचे होते. तरीही गटातील विद्यार्थ्यांची कामगिरी ९ ते १७ टक्क्यांनी सरस ठरली. आपल्यामुळे सोबत्याचे नुकसान होऊ नये, ही भावना रोख बक्षिसापेक्षा प्रभावी ठरली. याचा अर्थ असा की, गट हे संकल्पाला बांधून ठेवणारे साधन आहे. पहाटे पाच वाजता कोपऱ्यावर कोणी वाट पाहत उभे असेल तर अंथरुणात लोळत राहण्याची किंमत त्याच क्षणी वाढते. दूरच्या लाभाची उणीव जवळची लाज भरून काढते.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे आवश्यक आहे. फ्रेंच अभियंते रिंगेलमान यांचे दोर ओढण्याचे प्रयोग १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. माणसांची संख्या वाढत गेली तसतसा प्रत्येकाचा जोर कमी होत गेल्याचे त्यांत दिसले. गर्दीत अंग चोरता येते. म्हणून गटाचा लाभ हवा असेल तर गट लहान असावा आणि प्रत्येकाचा प्रयत्न इतरांना दिसावा. जोर मारताना कोणाची छाती जमिनीकडे गेली आणि कोणाची वरच राहिली, हे तालमीतील वस्तादाच्या नजरेतून सुटत नाही. रिंगेलमान यांनी दाखविलेल्या दोषावर आपल्या परंपरेने हा उपाय फार पूर्वीच योजला होता.

चिकपेट आणि गरडी

आता आपण जेथे जमलो आहोत त्या परिसराकडे वळू. केंपेगौडा यांनी १५३७ मध्ये वसविलेल्या नगराचा चिकपेट हा गाभा होय. उत्तर-दक्षिण जाणारी दोड्डपेटे, म्हणजे आजचा अव्हेन्यू रोड, आणि पूर्व-पश्चिम जाणारी चिक्कपेटे यांच्या चौकाभोवती हे नगर वाढले. अक्किपेटे तांदळाची, बळेपेटे बांगड्यांची, कुंबारपेटे कुंभारांची. अशी व्यवसायवार वस्ती येथे झाली. कन्नडमधील 'पेटे' म्हणजेच आपली 'पेठ'. मराठी माणसाचा येथील वावरही जुना आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या सैन्याने बेंगळूरु घेतले आणि पुढे हा प्रदेश शहाजीराजे भोसले यांना जहागीर म्हणून मिळाला. आपली 'तालीम' आणि येथील 'गरडी' या एकाच कुळातील संस्था आहेत, हे त्यामुळे आपल्याला सहज उमगावे.

कन्नडमध्ये तालमीला 'गरडी मने' म्हणतात. 'मने' म्हणजे घर. मातीचा हौदा, मारुतीची मूर्ती, भिंतीशी ठेवलेल्या गदा व करेल आणि शिकविणारा वस्ताद, हे तिचे रूप कोल्हापूरच्या तालमीत वाढलेल्या माणसाला अनोळखी वाटणार नाही. म्हैसूरच्या वडियार राजघराण्याने कुस्तीला आश्रय दिला आणि दसऱ्याच्या उत्सवात तिला मानाचे स्थान मिळाले. बेंगळूरुच्या जुन्या पेटेत मात्र गरडीला आणखी एक आधार लाभला, तो करग उत्सवाचा. येथून जवळच असलेल्या नगरथपेटेतील धर्मरायस्वामी मंदिराचा हा उत्सव चैत्रात होतो आणि पौर्णिमेच्या रात्री करगाची मिरवणूक निघते. तिगळ समाजातील 'वीरकुमार' हाती नंग्या तलवारी घेऊन करग वाहणाऱ्याच्या सोबत चालतात. रात्रभर चालणाऱ्या या मिरवणुकीसाठी शरीर कसलेले लागते आणि या समाजाची ती परंपरा गरडीशी जोडलेली आहे. ही मिरवणूक कॉटनपेटेतील तवक्कल मस्तान यांच्या दर्ग्यालाही भेट देते.

या उदाहरणातून संस्थाशास्त्राचा एक महत्त्वाचा धडा मिळतो. महाराष्ट्रात पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली पहाटे गटागटाने धावताना आपण पाहतो. मुलांचे १६०० मीटर आणि मुलींचे ८०० मीटर धावण्याचे लक्ष्य डोळ्यांपुढे असते तोवर तो गट अतिशय शिस्तीने चालतो. भरती संपली की गट विखुरतो आणि दोन-तीन वर्षांत तीच मुले व्यायाम सोडून देतात. याउलट, करग दर वर्षी येतो. ध्येय गाठले तरी ते संपत नाही; पुढच्या चैत्रात पुन्हा उभे राहते. वडीलधारे नव्या मुलांना तयार करतात आणि संस्था पिढ्यान्पिढ्या चालते. तात्पर्य असे की, माणसे जमविण्यास एखादे ध्येय पुरेसे असते. ती टिकविण्यास मात्र पुनःपुन्हा येणारे ध्येय आणि चालत आलेले नाते लागते.

महाराष्ट्रातील अनुभव

महाराष्ट्राचा इतिहास याच निष्कर्षाला पुष्टी देतो. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात कुस्ती बहरली आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे राहिले. तेथील तालमी केवळ कुस्तीपुरत्या राहिल्या नाहीत. त्या पेठेच्या संस्था बनल्या, त्यांच्या नावाने फुटबॉलचे संघ उभे राहिले आणि दर मोसमात ते सामने खेळतात. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये स्थापन केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके सादर केली. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार करून तो आपल्या संस्थानातील शाळांत नेला. त्याच काळात बेंगळूरुमध्ये के. व्ही. अय्यर हे व्यायामशिक्षक आपल्या व्यायामशाळेत तरुणांना घडवीत होते. १९३७ मध्ये त्यांनी सूर्यनमस्कारावर पुस्तकही लिहिले. स्वतंत्र भारताला १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव हे कराडजवळच्या गोळेश्वरचे. लाल मातीतील सामूहिक मेहनतीच्या या परंपरेतूनच ते पुढे आले.

तथापि, या परंपरेच्या मर्यादाही स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. तालीम आणि गरडी या दीर्घकाळ पुरुषांच्याच संस्था राहिल्या. अनेक ठिकाणी त्या विशिष्ट जातीच्या किंवा पेठेच्या मालकीच्या होत्या. ज्या जिव्हाळ्याने गट घट्ट होतो, तोच जिव्हाळा परक्याला दाराबाहेर ठेवतो. जेम्स बुकॅनन यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या मंडळ-सिद्धांताच्या भाषेत सांगायचे तर तालीम ही 'मंडळ-वस्तू' आहे. सभासदांना ती वाटून घेता येते, काही मर्यादेपर्यंत एकाच्या वापराने दुसऱ्याचे नुकसान होत नाही. परंतु बाहेरच्याला वगळता येते. सार्वजनिक उद्यानातून कोणालाही वगळता येत नाही, म्हणून ते सार्वजनिक वस्तूच्या जवळ जाते. स्त्रियांमधील अपुऱ्या शारीरिक हालचालींचे प्रमाण पुरुषांहून पंधरा टक्के-बिंदूंनी अधिक आहे. हे अंतर केवळ मंडळ-वस्तूंवर विसंबून कमी होणार नाही.

श्रम आणि व्यायाम

चिकपेटमध्ये आणखी एक भेद डोळ्यांसमोर दिसतो. या अरुंद गल्ल्यांतून कापडाचे गठ्ठे डोक्यावर वाहून नेणारा हमाल दिवसभर श्रम करतो. ज्या गादीवर तो गठ्ठा उतरवतो तेथील कारकून सकाळपासून रात्रीपर्यंत मांडी घालून बसलेला असतो. एकाच दुकानातील या दोघांना आरोग्याचा एकच सल्ला देता येणार नाही. हमालाला विश्रांती, पोषक आहार आणि ओझ्यावर मर्यादा हवी. कारकुनाला हालचाल हवी. राष्ट्रीय सरासरीचा आकडा या दोघांची बेरीज करतो. धोरण आखताना सरासरीमागील हे भिन्न वास्तव नजरेआड होता कामा नये.

अडथळा जागेचा

गरडी आणि तालीम यांच्यापुढील आजचे सर्वांत मोठे संकट जागेचे आहे. चिकपेटसारख्या घाऊक बाजारपेठेत प्रत्येक चौरस फुटाला व्यापारी भाव आहे. मातीच्या हौद्याचे उत्पन्न जवळपास शून्य. त्याच जागेवर उभ्या राहणाऱ्या दुकानाचे भाडे मात्र दर महिन्याला मिळते. तालमीतून परिसराला मिळणारे आरोग्य, शिस्त आणि परस्परविश्वास यांचे मूल्य जमिनीच्या बाजारभावात कोठेही मोजले जात नाही. अर्थशास्त्रात याला धनात्मक बाह्य परिणाम म्हणतात आणि बाजाराच्या हाती सोपविल्यास अशा सेवांचा पुरवठा समाजाच्या गरजेपेक्षा कमी होतो.

येथे राज्यसंस्थेची भूमिका सुरू होते. संविधानाच्या अनुच्छेद ४७ नुसार सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्याने, बागा व क्रीडांगणे या नागरी सुविधांचा समावेश असून, त्यांची जबाबदारी नागरी स्थानिक संस्थांकडे सोपविता येते. केंद्र सरकारने २०१७-१८ पासून खेलो इंडिया कार्यक्रमाला नवे रूप दिले आणि २९ ऑगस्ट २०१९ रोजी फिट इंडिया अभियान सुरू केले. २१ जून २०१५ रोजी पहिल्या आंतरराष्ट्रीय योग दिनी दिल्लीच्या राजपथावर ३५,९८५ लोकांनी एकत्र योगासने केली. व्यायामशाळा व योगकेंद्रांच्या सेवांवरील वस्तू व सेवा कराचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्यात आला.

हे प्रयत्न महत्त्वाचे आहेत. परंतु करकपातीचा लाभ शुल्क भरणाऱ्याला मिळतो आणि एका दिवसाचा सोहळा जाणीव निर्माण करतो. रोजची सवय घराजवळच्या जागेवरच लागते. त्या दृष्टीने तीन गोष्टी अग्रक्रमाने व्हाव्यात. शाळांची मैदाने व सभागृहे वर्गाच्या वेळेबाहेर परिसरातील गटांना खुली करावीत, कारण दाट वस्तीत नवी जमीन मिळणे दुरापास्त आहे. जुन्या तालमी व गरड्यांना जागेचे संरक्षण आणि देखभालीसाठी साहाय्य द्यावे. मात्र सर्व समाजांना व मुलींना प्रवेश, ही त्याची अट असावी. आणि स्त्रियांसाठी सोयीची वेळ, पुरेसा प्रकाश, स्वच्छतागृह व प्रशिक्षित शिक्षिका यांची तरतूद करावी. यांपैकी कशालाही फार मोठा खर्च येत नाही. नियोजन मात्र लागते.

आपल्यासाठी

विद्यार्थी मित्रहो, शेवटी आपल्याविषयी. स्पर्धा परीक्षेची तयारी ही दीर्घकाळची आणि बहुतांशी एकाकी साधना आहे. दिवसातील दहा-दहा तास एका खुर्चीत जातात. निकाल अनिश्चित असतो, घरच्यांच्या अपेक्षा मोठ्या असतात आणि अपयश आले तर ते एकट्यानेच पचवावे लागते. अशा काळात रोज अर्धा-पाऊण तास चार-पाच जणांनी एकत्र धावणे किंवा सूर्यनमस्कार घालणे, याने शरीर तर सुधारतेच; शिवाय आपण आज आलो नाही हे कोणाच्या तरी लक्षात येते. चार दिवस मैदानावर न दिसलेल्या सोबत्याच्या खोलीचे दार कोणीतरी वाजविते. परगावी राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने या विचारपुशीचे मोल कोणत्याही शिकवणीत मिळणारे नाही.

गट चार-पाच जणांचाच ठेवा. वेळ ठरवा आणि ती बदलू नका. क्षमतेत कमी असलेल्याला मागे सोडू नका. क्योलर यांच्या प्रयोगात जोडीचा लाभ त्यालाच झाला होता. आणि परीक्षेची तारीख हे एकच लक्ष्य ठेवू नका, कारण तारीख उलटली की गट मोडेल. दर वर्षी परत येईल असे काही ठरवा. एखादी दौड, एखादी गडाची चढाई, एखादा सामना.

आपल्यापैकी काहीजण उद्या प्रशासनात जातील. एखाद्या शहराच्या विकास आराखड्याची फाइल तुमच्या टेबलावर येईल आणि तिच्यात मैदानाचे आरक्षण उठविण्याचा प्रस्ताव असेल. त्या जागेचा बाजारभाव फाइलमध्ये नोंदलेला असेल. पहाटे तेथे जमणाऱ्या माणसांचा उल्लेख बहुधा नसेल. सही करण्यापूर्वी एकदा पहाटे तेथे जाऊन या, एवढीच आपणाकडून अपेक्षा.